लिंबाची बिस्किटं आणि शुभाचं वजें

आम्ही मुळगाव सोडलं त्या सकाळी आई दारात उभी राहिली नव्हती. ती मागच्या पडवीत बसून नारळ सोलत होती. घरात सोललेले नारळ होतेच, तरी सोलत होती. पुढे रस्त्यावर टॅक्सी उभी होती, नवरा बॅगांशी झटापट करत होता, आणि माझी धाकटी बहीण शुभा गणवेश घालून, पण शाळेला न जाता न्हाणीमागे रुसून बसली होती. मी पाया पडायला मागे गेले. आईने कोयता बाजूला ठेवला, हात लुगड्याला पुसला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. सुखी राहा, फोन करत जा, असलं काही ती बोलली नाही. म्हणाली, "परक्या गावात राग गिळाचो असता. तुका ता जमना नाय, म्हणान सांगतंय."

मला त्याचाही राग आला. जाणाऱ्या माणसाला कुणी असं सांगतं का? पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मला सगळ्याचाच राग आला होता. गोव्यातल्या खाणी चालू होत्या तेव्हा आमचं शेत लाल गाळाने भरलं आणि विहीर आटली. खाणी बंद झाल्या तेव्हा नवऱ्याचं काम गेलं, कारण तो खाणीवर ट्रक चालवायचा. म्हणजे चालू असतानाही आम्हीच बुडायचं आणि बंद पडल्यावरही आम्हीच. त्याच्या वडलांचा जन्म पोर्तुगीज काळात नोंदलेला होता, त्या जोरावर त्याला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला, आणि त्या पासपोर्टावर आम्ही इंग्लंडला निघालो. डिचोलीतली कितीतरी माणसं तेव्हा त्याच वाटेने जात होती. टॅक्सी वळणावर गेली तेव्हा शुभा न्हाणीमागून धावत रस्त्यावर आलेली मला मागच्या काचेतून दिसली. मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितलं नाही, कारण विमानाची वेळ होती.

आमच्या इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मला लेख मागितला आहे. 'घर सोडतानाच्या आठवणी' असा विषय, आणि जमल्यास सोबत एक गोड पाककृती. मी बिस्किटं करते हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांना वाटलं असणार, ही बाई दोन पानं गोड लिहून देईल, खाली बिस्किटांचं साहित्य देईल. देणार आहे. पण आठवणी गोड असाव्यात असा करार मी केलेला नाही. तिकडे राहिलेल्यांनीही हे वाचावं आणि इकडे आलेल्यांनीही. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

पहिले काही महिने मी ओव्हनमध्ये पातेली ठेवत होते. मुळगावात आमच्या कुणाच्याच घरात ओव्हन नव्हता. पाव सकाळी पोदेर सायकलवरून आणायचा, भोंगा वाजवायचा, आणि भट्टी ही गोष्ट त्याच्या घरची. इथे भाड्याच्या घरात ओव्हन आयता मिळाला, तेव्हा मला वाटलं की हे एक बरं कपाट आहे. ते कपाट उघडून दाखवलं सुलक्षाने.

सुलक्षा सर्वणची. मुळगाव आणि सर्वण, दोन्ही डिचोलीच्या हाताशी. पण आमची ओळख व्हायला आम्हांला सँडविचच्या फॅक्टरीत, थंडगार हॉलमध्ये, एका बेल्टवर उभं राहावं लागलं. मी काकडीच्या चकत्या ठेवायची, ती वरचा पाव. तिने मला बसचा पास काढायला शिकवलं, कोटाच्या आत काय घालायचं ते शिकवलं, सुपरवायझरला 'सॉरी' किती वेळा म्हणायचं आणि कधी थांबायचं तेही शिकवलं. पहिल्या हिवाळ्यात मी घरी जायचं तिकीट बघत बसले होते तेव्हा ती माझ्या स्वयंपाकघरात आली, पातेली ओव्हनमधून काढून जमिनीवर ठेवली आणि म्हणाली, "रडून घर गरम जाता? चल, हें पेटव."

तिने शिकवली ती ही लिंबाची बिस्किटं. लोणी मऊ करायचं, त्यात साखर घालून पांढरं होईपर्यंत घोटायचं. लिंबाची साल किसायची, फक्त पिवळी. आतला पांढरा भाग आला की कडू होतं. चमचाभर रस. मैदा आणि चिमूटभर बेकिंग पावडर चाळून घालायची, गोळा घट्ट झाला तर दुधाचा हात लावायचा. आणि मग लिंबाच्या गोळ्या. त्या कडक, काचेसारख्या, पिवळ्या, आपल्याकडे बरणीतून सुट्या मिळायच्या तशा. जाड फडक्यात बांधायच्या आणि लाटण्याने ठेचायच्या. पीठ करायचं नाही, खडे राहिले पाहिजेत. थोडे खडे पिठात मिसळायचे, थोडे बिस्किटं अर्धी भाजली की वर टाकायचे. ते वितळतात आणि गार झाल्यावर वर पिवळी काच बसते. खाली बटर पेपर लागतोच, नाहीतर ताट आणि बिस्किट एकमेकांना सोडत नाहीत. ओव्हनमधून काढल्यावर लगेच हात लावायचा नाही. वितळलेल्या साखरेचा चटका तेलाच्या चटक्यापेक्षा वाईट, आणि तो मी खाल्लेला आहे.

हे सगळं ठीक. पण मला आवडलं ते ठेचणं. राग गिळायला मला जमत नाही हे आईला ठाऊक होतं, आणि तिचं बरोबर होतं. इथे राग काढायचा कुणावर? सुपरवायझरवर काढला तर शिफ्ट जाते. घरमालकावर काढला तर घर जातं. शेजारीण भिंतीपलीकडून आमच्या फोडणीच्या वासाबद्दल बोलायची, तिच्यावर काढला तर पोलीस येतील असं नवरा म्हणायचा. मग मी फडक्यात गोळ्या बांधायची आणि लाटणं उचलायची. नवरा टीव्हीचा आवाज वाढवायचा. बिस्किटं फार चांगली व्हायची. फॅक्टरीतल्या बायका डबे रिकामे करायच्या आणि रेसिपी विचारायच्या. त्यात किती राग लागतो हे त्यांना कसं सांगणार?

आता शुभाकडे येते. बाबा आम्ही निघण्याआधीच गेले होते. भाऊ नाही. मुळगावच्या घरात आई आणि शुभा दोघीच. शुभा शिकली, डिचोलीत एका दुकानात हिशेब बघू लागली, आणि परवाच्या वर्षी तिचं लग्न पेडण्याला ठरलं. मुलगा सरकारी नोकरीत, घर मोपाच्या नव्या विमानतळापासून जवळ, घरात सासू एकटी. मुलगा चांगला आहे, हे मी आजही म्हणते. लग्नात सासूबाईंनी काही मागितलं नाही. आई फोनवर इतकी खूष, की मला आमच्याकडची चाल आठवलीच नाही. लग्नानंतरची पहिली चवथ जवळ आली तेव्हा आठवली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या गणेशचतुर्थीला, आणि पुष्कळ घरांत पुढच्या सणांनाही, मुलीच्या माहेराहून तिच्या सासरी वजें जातं. लाडू, नेवऱ्या म्हणजे करंज्या, चकल्या, नारळ, केळ्यांचे घड, फळं, बांबूच्या हेडल्या भरभरून. सासरचे ते स्वतः खात नाहीत, वाड्यावरच्या, म्हणजे आपल्या वस्तीतल्या, घरोघरी वाटतात. म्हणजे किती पाठवायचं हे मुलीच्या आईच्या ऐपतीवर नसतं, सासरच्या वाड्यावर घरं किती आहेत त्यावर असतं. मुलगी द्यायची, आणि वर तिच्या शेजाऱ्यांची तोंडं गोड करायची. ज्याने ही चाल काढली त्याला मुली नसणार.

सासूबाईंनी आईला फोन केला. फार गोड बोलल्या. "आमका काय एक नको हां, विहीणबाई. वाड्यावर वाटूक पुरात तितकाच पाठवा." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, की थोरली विलायतेला आहे, लोक तिकडचंही काहीतरी येईल म्हणून वाट बघणार. आईने हे मला सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसती घाई होती. तिने तांदूळ धुवून वाळत घालायला काढले होते. खांदा धरलेला, गुडघे गेलेले, आणि ही बाई एका अख्ख्या वाड्याचे लाडू वळायला बसणार होती. मी म्हटलं, देऊ नकोस. सांग, आमच्याकडे पुरुषमाणूस नाही, आम्हांला जमत नाही. आई म्हणाली, तुझ्या वेळी दिलं, तिच्या वेळी नाही दिलं तर ती काय समजेल? माझं वजेंसुद्धा कुणीतरी असंच खांदा धरून वळलं होतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

विलायतेचं हवं ना? मग देते, असं मी ठरवलं. विमानतळावरच्या दुकानातली चॉकलेटं नेणार नव्हते. ती सगळेच नेतात, आणि वाटून झाली की किमतीची चर्चा होते. मी माझ्या हातची लिंबाची बिस्किटं नेणार होते, पेडण्याच्या त्या वाड्यावर कुणी बघितली नसतील अशी. शनिवार-रविवार पुरणार नाही म्हणून सुट्टीच काढली. चवथीचं म्हणून नवी ताटं आणली, शिवराक म्हणजे शाकाहारी स्वयंपाकाची वेगळी. सुलक्षा मदतीला आली. ती पिठाचा गोळा करायची, मी ठेचायची. त्या आठवड्यात मी इतक्या गोळ्या ठेचल्या की शेजारणीने भिंत वाजवली. मी परत वाजवली. डबे घट्ट बंद करून, मध्ये कागद घालून बॅगा भरल्या. ओढणीसुद्धा घालायला जागा उरली नाही.

मोपाला उतरले तर पाऊस. मुळगावला पोचले तर आई पाटावर बसून लाडू वळत होती आणि पाट सोडून उठता येईना म्हणून माझ्याकडे बघून तिथूनच हसली. मी सगळे डबे तिच्यापुढे उघडले. तिने एक बिस्किट उचललं, उजेडात धरलं. पिवळी काच चमकली. खाल्लं, आणि बराच वेळ चघळत राहिली. मग म्हणाली की हे डब्यातच राहू दे, झाकण लाव. मी ऐकलं नाही. वजें काय डब्यात बंद करून नेतात? ते दिसलं पाहिजे, हेडलीत, केळीच्या पानावर, बघणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत. मी संध्याकाळी दोन हेडल्या भरल्या, बिस्किटं गोल गोल रचून, काच वर करून. इतकी सुंदर दिसत होती की मी फोटो काढून सुलक्षाला पाठवला.

इथल्या घरात हीटरने हवा सुकलेली असते. ओठ फाटतात, हात फाटतात, बिस्किटं आठवडाभर कडक राहतात. इतकी वर्षं त्या हवेत राहून मी भाद्रपद विसरले होते. आपल्याकडे भाद्रपदात मीठ पाणी होतं, काड्यापेटी पेटत नाही, पापड हातात वाकतो. कडक साखरेच्या गोळीने त्या हवेत, ओल्या केळीच्या पानावर काय करावं? सकाळी हेडलीवरचं फडकं काढलं तर ते वर आलंच नाही, चिकटलं होतं. गोळ्यांचा पाक झाला होता, पाक खालच्या बिस्किटांत उतरला होता, आणि सगळ्या हेडलीची मिळून एकच मोठी पिवळी ढेप झाली होती. डिचोलीत जन्मलेल्या बाईला हे कळू नये? आईने सुरीने जमेल तेवढं सोडवलं आणि वरून नवं पान घातलं. पिकअप दारात उभा होता, ते मागे ठेवायला मी तयार नव्हते.

गाडीत आई माझ्या शेजारी बसली. अस्नोडा गेलं, पूल गेला, आणि मग तिने माझा हात धरला. "तोंड उघडू नको हां. तू चार दिसांनी जातलंस. तिका थंयच रवाचा आसा."

पेडण्याच्या घरी सोप्यावर वाड्यावरच्या बायका जमल्या होत्या. वजें बघायला येतात, तीही रीतच. सासूबाईंनी स्वागत चांगलं केलं, खोटं का बोलू. शुभा नवी साडी नेसून दाराच्या चौकटीत उभी होती. आम्ही तिला बघून हसलो तर ती आधी सासूकडे बघून मग हसली. एवढी साधी गोष्ट, पण ती बघून माझं डोकं तापायला लागलं. आईचे लाडू उतरले, नेवऱ्या उतरल्या, बायकांनी माना हलवल्या. मग माझ्या हेडल्या उतरल्या. सासूबाईंनी पान उचललं. बोट लावलं, बोट चिकटलं. त्यांनी ते बोट सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"विहीणबाई, ह्या काय हाडलात? वाड्यावर काय सांगू मी, विलायतेतसून डिंक इलो म्हणान?"

बायका हसल्या. दुष्टपणाने नाही, हसू आलं म्हणून हसल्या. पण आई खाली बघत होती आणि पदराने बोटं पुसत होती, तिची बोटं चिकट नव्हती तरी. आणि शुभाने डोळे मिटले होते. गाडीत आईने हात धरून सांगितलेलं मी विसरले.

"मावशी, आमी चेडू दिला, दुकान नाय दिला," मी म्हटलं. "ह्या फुडे आमच्या घरातसून वजें येवचा नाय. दसऱ्याक नाय आणि फुडल्या चवथीकय नाय. वाड्याक गोड खावचा आसात तर वाड्यान करून खावचा."

सासूबाईंचं तोंड उतरलं. त्या ओरडल्या नाहीत, आणि त्या जे बोलल्या ते मला अजून आठवतं. "ह्या वाड्यावरच्या एकेका घरातला वजें मी खाल्लंय. माझ्या सुनेचा येवक नको? मी ह्या लोकांका काय तोंड दाखवू?" त्यांना रडू येत होतं. मला दया आली नाही. मी आईला घेऊन पिकअपमध्ये बसले. माझ्या हेडल्या त्यांनी मागे गोठ्याच्या भिंतीजवळ नेऊन ठेवल्या आणि लाल मुंग्यांनी माझी चवथ साजरी केली, हे शुभाने नंतर सांगितलं.

परतीच्या वाटेवर मी एकटीच बोलत होते. बरं झालं, कुणीतरी बोलायलाच हवं होतं, असं काय काय. आई काचेतून बाहेर बघत होती. चवथ झाली आणि मी इकडे परत आले. आल्या आल्या बेल्टवर सुलक्षाला सगळं सांगितलं. तीही म्हणाली, बरं केलंस, चांगलं सुनावलंस. आठवडाभर मला माझं वाक्य आठवून बरं वाटत होतं. मला आजही वाटतं की मी बोलले ते खरं बोलले.

शुभाचा फोन महिन्याभराने आला. त्याआधी तिने माझे फोन घेतले नव्हते. सासू तिला मारत नव्हती, उपाशी ठेवत नव्हती. पण बोलतही नव्हती. वाड्यावर कुठे बारसं असलं, हळदीकुंकू असलं की शुभा गेल्यावर बायका गप्प व्हायच्या. नवरा दोघींच्या मध्ये. तिला आईकडे यायचं होतं तर सासू म्हणायची, जा ना, तुमचं घर मोठं. शुभा हे सगळं एका सुरात सांगत होती, दुकानात हिशेब वाचून दाखवायची तसं. मी मध्येच तोंड घातलं, की मी पुन्हा येते, बघतेच त्यांना. तेव्हा तिचा सूर बदलला.

"येव नको. ताई, तू दोन मिनटां बोललंस आणि विमानात बसलंस. ता माका रोज आयकाचा पडता. तुझो राग तुका परवडता. माका सासरी रागावचा आसात तर हंय रवान रागावचा लागतला."

तिने फोन ठेवला. मी त्या दिवशी गोळ्या ठेचायला घेतल्या आणि लाटणं उचलून तशीच उभी राहिले. मला तिचा राग आला, आईचा आला, त्या सासूचा आला, पण तो कुठे नेऊन ठेवायचा ते कळेना. जिथे त्याचं काही मोल द्यावं लागतं तिथे मी राहत नव्हते, आणि जिथे राहत होते तिथे त्याचं कुणाला काही नव्हतं.

गेल्या वर्षीची चवथ आली. आम्ही वजें पाठवलं नाही, बोलल्याप्रमाणे. चवथीच्या दिवशी मी आईला फोन केला तर ती आमच्या घरच्या गणपतीबद्दल कमी आणि पेडण्याबद्दल जास्त बोलली. शुभाच्या शेजारच्या घरात त्या वर्षी नवी सून आली होती. तिच्या माहेराहून वजें आलं, आणि रीतीप्रमाणे ताट भरून शुभाच्या सासरी आलं. ताट घेऊन शेजारची काकी सोप्यावर आली, सासू समोर बसलेली. शुभा बाहेर आली, हात पुसले आणि म्हणाली, "काकी, येवा, बसा, चाय घेवा. पण ताट परत न्हेवा. आमच्या घरात आता वजें घेवचा नाय."

काकीने सासूकडे बघितलं. सासूने शुभाकडे बघितलं. आईला हे शुभानेच सांगितलं होतं, त्यामुळे पुढे काय झालं ते दोघींनीही वाढवून सांगितलेलं नाही. सासू आत चहा ठेवायला उठली. काकी चहा न घेता ताट घेऊन गेली. नंतर चार दिवस त्या घरात भांडी आदळली. काकी अजूनही शुभाशी नीट बोलत नाही. पण त्या वाड्यावर पुढे कुणी ताट आणलं तर आधी विचारतं, आणि दोन घरांनी आपणही घेणार नाही म्हणून सांगितलं आहे.

हे ऐकून मी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले. मी काय केलं होतं? देणार नाही म्हणून सांगितलं होतं. ते परक्याने सांगितलं तरी चालतं, आणि त्याचे फटके मुलीला बसतात. सासूबाई म्हणाल्या होत्या की मी सगळ्यांचं खाल्लंय, मग मी कशी नाही वाटणार. सगळी गाठ तिथे होती. घेतलं म्हणून द्यायचं, आणि दिलं म्हणून मागायचं. ती गाठ सोडवायची तर घेणाऱ्याने हात मागे घ्यायला हवा, आणि घेणारा हात त्याच वाड्यावर राहणाऱ्याचा असतो. ताट तिच्या दारात येतं, माझ्या नाही. मला कुणी वाटा देत नव्हतं, मी नको तरी कशाला म्हणणार?

असं मला या वर्षीच्या चवथीपर्यंत वाटत होतं.

सुलक्षाच्या मुलाचं लग्न या उन्हाळ्यात झालं. मुलगी इथलीच, तासाभरावरच्या गावातली. आईवडील म्हापशाकडचे, इकडेच स्थायिक. आता इकडे आलेल्यांनो, तुमच्याबद्दल लिहिते. तुम्ही पासपोर्ट बदललात, मुलांची नावं इंग्रजांना जमतील अशी ठेवलीत, घरात कांदासुद्धा चिरलेला आणता. आणि वजें मात्र विसरला नाहीत. मंडळाच्या ग्रुपवर फोटो आले: सोनेरी खोके, वर रिबन, आत लाडू आणि चॉकलेटं, गाडीच्या डिकीत रचलेले. खाली सगळ्यांचे जोडलेले हात आणि 'आपली संस्कृती'. त्या मुलीचे आईवडील दोघंही शिफ्टवर काम करतात. ते खोके कुणाच्या ओव्हरटाइममधून आले ते तुम्हांला ठाऊक आहे.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात सुलक्षा, नटलेली, आणि तिच्या मागे खोका हातात धरून नवी सून. सुलक्षा माझी या देशातली पहिली ओळख. तिनेच माझं तिकीट काढणं थांबवलं होतं. आणि शुभाच्या सासूला मी सुनावलं तेव्हा बरं केलंस म्हणालेलीही तीच. मला वाटलं, घ्यावा खोका, मागे कुठेतरी ठेवावा, कुणाला कळणार आहे? सूनबाई हसून खोका पुढे करत होती. तिच्या नखांवर मेंदी होती आणि ती थकलेली दिसत होती. सकाळपासून किती दारं झाली होती कुणास ठाऊक.

मी तिला म्हटलं, आत ये, बस, माझी लिंबाची बिस्किटं खा, आज सकाळीच केली आहेत. तुझ्यावर माझा काही राग नाही. मग सुलक्षाकडे वळले. "सुलक्षा, खोको गाडीत ठेव. मी वजें घेवचंय नाय. तुझ्याकडचाय नाय."

ती आधी हसली, मी चेष्टा करते आहे असं वाटून. मग तिचा चेहरा बदलला. मुलीसमोर माझा अपमान करतेस का, असं ती इंग्रजीत म्हणाली. आम्ही एकमेकींशी इंग्रजीत कधी बोलत नाही. मी म्हटलं, तुला आत यायला दार उघडंच आहे. ती आली नाही. सूनबाई एक क्षण माझ्याकडे बघत राहिली, मग तिच्यामागे गेली. गाडी सुरू व्हायला वेळ लागला, कारण मागच्या सीटवरचे खोके घसरले होते आणि ते पुन्हा रचावे लागले. मी दार लावून घेतलं नाही, ते सगळं उभी राहून बघितलं.

तिकडचे विचारतात, घर कुठलं आता तुझं? आई विचारत नाही, पण तिला विचारायचं असतं. मी मुळगाव म्हणत आले. तिथली माती लाल आहे, आई आहे, पडवी आहे. पण तिथे मी रागावले आणि निघून आले, आणि मागे शुभा फेडत राहिली. त्याला मी आता घर म्हणायला धजत नाही. ते माझ्या आईचं घर आहे.

सोमवारी शिफ्ट होती. सुलक्षा नेहमीप्रमाणे माझ्या शेजारी, बेल्टवर. मी काकडी ठेवली, तिने वर पाव ठेवला, आणि आठ तास ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. ब्रेकला ती दुसऱ्या टेबलावर बसली आणि तिच्याबरोबर आणखी तिघीजणी. मंडळाच्या ग्रुपवर त्या दिवसापासून माझ्या मेसेजला कुणी उत्तर देत नाही, आणि हा लेख छापतील की नाही तेही मला माहीत नाही. बसस्टॉपवर आम्ही दोघी दोन टोकांना उभ्या राहिलो, थंडी होती, आणि मला फार वाईट वाटत होतं. उद्या पुन्हा हीच बस होती, हाच बेल्ट, हीच सुलक्षा. मला कुठलंही विमान पकडायचं नव्हतं.